नाव वाचून हसायचं, की ऐकून?

इंदूर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अहिल्याबाई, होळकरांचा राजवाडा, सकाळचे पोहे-जिलेबी, आणि रात्री सराफांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भरणारा खाण्यापिण्याचा बाजार. आपल्या गोंयकारांना आणखी एक गोष्ट आठवायला हवी. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, १९२९ सालचा. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे. गावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव लावलं आणि ते गाव जगभर पोचलं. माणसाचं नाव म्हणजे त्याचा पत्ता असतो, तो कुठून आला ते ऐकणाऱ्याला कळतं. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण कधी कधी तेवढ्या पत्त्यावरच निकाल लागतो, माणसाने तोंड उघडायच्या आधीच.

आज लिहायचं आहे ते हसवणाऱ्या माणसांच्या नावांबद्दल. त्यासाठी इंदूर हे गाव फार सोयीचं आहे. जॉनी वॉकर जन्मले इंदूरला. आजचा सर्वांत लोकप्रिय हिंदी स्टँड-अप कॉमेडियन झाकिर खान इंदूरचाच. आणि मुनव्वर फारुकी इंदूरचा नसला, तरी त्याचं नाव सगळ्या देशाला कळलं ते इंदूरमुळे. तिघेही मुसलमान, तिघांचाही धंदा लोकांना हसवण्याचा, पण तिघांनी आपल्या नावाचं काय केलं आणि लोकांनी त्या नावाचं काय केलं, याची गोष्ट मात्र तीन तऱ्हांची आहे.

पहिली गोष्ट बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांची. वडील गिरणीत नोकरीला. गिरणी बंद पडली आणि कुटुंब मुंबईला आलं. बद्रुद्दीन बसमध्ये कंडक्टर झाले आणि तिकिटं फाडता फाडता उतारूंना हसवू लागले. बलराज साहनींनी त्यांना हेरलं, गुरुदत्तकडे पाठवलं, आणि दारुड्याची नक्कल बघून गुरुदत्तनी १९५१ च्या 'बाजी'त काम दिलं. पडद्यावरचं नावही गुरुदत्तनीच ठेवलं, एका व्हिस्कीचं. गंमत अशी की जॉनी वॉकर दारूला शिवत नसत. आयुष्यभर पडद्यावर झोकांड्या खाल्ल्या, त्या सगळ्या शुद्धीत. त्या काळी युसुफ खानचे दिलीपकुमार झाले, महजबीनची मीनाकुमारी झाली. काझींचं तर एका बाटलीत रूपांतर झालं! बाटलीला जात नसते, धर्म नसतो, गाव नसतं. लोक पोट धरधरून हसले.

याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणेल का? मला नाही वाटत. तो मुखवटा होता, आणि मुखवटा घालून हसवण्याची रीत आपल्याला नवी नाही. पेडण्या-डिचोलीकडे ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांना संकासुर आठवेल. वेद चोरणारा तो असुर, काळ्या वेषातला, लांब जिभेचा. पण तो आला की पोरंटोरं आधी घाबरतात आणि मग हसत सुटतात. प्रेक्षकांतल्या लोकांशी तो बिनधास्त बोलतो, गावातल्या बड्या मंडळींच्याही टोप्या उडवतो. आत कोण आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी तोच माणूस बागायतीत किंवा दुकानात भेटतो. पण रात्री जे बोलला ते संकासुर बोलला. त्याचा हिशोब सकाळी कोणी मागत नाही.

आपल्या मराठी एकपात्रीचंही थोडंफार असंच. पु. ल. देशपांडे एकटे रंगमंचावर उभे राहून 'बटाट्याची चाळ' उभी करायचे. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून अधिक माणसं एकट्याने साकारायचे. अशी चाळ गिरगावात नक्की कुठे होती, असा दाखला कोणी पुलंकडे मागितला नाही. माणसं कल्पनेतली होती, पण त्यांचे स्वभाव खरे होते. ऐकणाऱ्याला आपला काका, आपली शेजारीण त्यात दिसली की झालं. खरेपणाची तेवढीच अट होती.

स्टँड-अपने मात्र ही सगळी व्यवस्था मोडली. इथे मुखवटा नाही, पात्र नाही, नेपथ्य नाही. एक माईक, फार तर एक उंच स्टूल, त्यावर पाण्याची बाटली. आणि पहिलाच शब्द 'मी'. मी अमुक गावचा, माझे वडील असे, माझं लग्न असं मोडलं, मला नोकरी मिळाली नाही ती अशी. तिकिटावर जे नाव छापलेलं असतं तेच नाव घेऊन तो माणूस समोर उभा असतो. दशावतारातला नट संकासुराच्या मागे लपू शकतो. याला लपायला फक्त माईकचा दांडा, आणि त्याच्यामागे आजपर्यंत कोणी मावलेलं नाही.

झाकिर खानचं यश या 'मी'मधून आलं. घराणं सारंगीचं. आजोबा उस्ताद मोइनुद्दीन खाँ नावाजलेले सारंगीवादक. हा मुलगा दिल्लीला गेला, धडपडला, आणि २०१२ साली कॉमेडी सेंट्रल वाहिनीची स्पर्धा जिंकून पुढे आला. तोवर आपल्याकडचे बरेच स्टँड-अपवाले इंग्रजीत किंवा अर्धवट इंग्रजीत बोलायचे. याने इंदुरी वळणाची हिंदी आणली, 'भिया' म्हणणाऱ्या गावाची. मोठ्या शहरात आलेल्या लहान शहरातल्या मुलाची भीड, मुलींशी बोलताना उडणारी त्रेधा, वडिलांपुढची मुकी माया, हे सगळं त्याने आपल्या नावावर सांगितलं. त्याचा 'सख्त लौंडा' घरोघरी पोचला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हिंदीतून कार्यक्रम केला. सत्तर वर्षांपूर्वी इंदूरच्या एका मुलाला बाटलीचं नाव घ्यावं लागलं, आणि आता इंदूरचाच दुसरा मुलगा आपलं खान हे आडनाव घेऊन तिथवर गेला. ही छोटी गोष्ट नाही. आपल्या समाजाच्या श्रेयाची आहे आणि ते श्रेय मोकळेपणाने घ्यावं.

त्याच्यावर एक आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. तो राजकारणावर बोलत नाही, मुसलमान असण्यावर फारसं बोलत नाही, म्हणजे तो खरं बोलत नाही. मला हा आक्षेप पटत नाही. न बोलणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. एखाद्या माणसाला प्रेमभंगावर बोलायचं असेल तर त्याने आपल्या धर्मावरच बोललं पाहिजे, हा हट्ट का? हिंदू कॉमेडियनला कोणी सांगत नाही की बाबा रे, तू आधी हिंदू असण्यावर दहा मिनिटं बोल, मग तुझी बायको आणि तिची माहेरची माणसं. 'तू तुझ्या नावाला धरूनच बोल' ही सक्ती 'तू तुझं नाव लपव' या सक्तीची सख्खी बहीण आहे.

पण ज्याला आपल्या नावाबद्दलच बोलायचं आहे त्याच्यावर एक जबाबदारी येते, आणि ती टाळता येत नाही. इथे थोडा वेळ इंदूर सोडून अमेरिकेत जाऊ. हसन मिन्हाज हा तिथला मोठा कॉमेडियन, भारतीय मुसलमान आईबापांचा मुलगा. 'द किंग्ज जेस्टर' या २०२२ च्या कार्यक्रमात त्याने सांगितलं होतं की त्याच्या लहानपणी एक पोलिसी खबऱ्या मुसलमान असल्याचं भासवून त्यांच्या मशिदीत शिरला होता. घरी आलेल्या पाकिटातली पांढरी पूड आपल्या छोट्या मुलीच्या अंगावर सांडली आणि तिला इस्पितळात धावत न्यावं लागलं, असंही सांगितलं होतं. लोकांचा श्वास अडकला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाने लेख छापला की यातल्या महत्त्वाच्या गोष्टी तशा घडल्याच नव्हत्या. मुलीला इस्पितळात नेलं नव्हतं, आणि खबऱ्याची गोष्टही त्याच्या बाबतीत घडलेली नव्हती. मिन्हाजचं म्हणणं साधारण असं, की तपशील रचलेले असले तरी त्यामागचं भावनिक सत्य खरं आहे. पुढे त्याने आपली बाजू मांडणारी एक चित्रफीतही काढली.

मी तो वाद बराच वाचला आणि मला वाटतं, इथे 'गोष्ट' आणि 'साक्ष' यांची गल्लत झाली. झाकिरने आपल्या फसलेल्या प्रेमाला चार गोष्टी जोडल्या तर कोणाचं काही जात नाही. ती गोष्ट आहे. पुलंच्या चाळीसारखीच, फक्त 'मी'च्या तोंडून सांगितलेली. पण 'माझ्या धर्मामुळे पोलिसांनी माझ्यावर पाळत ठेवली' असं कोणी माईकवर म्हणतो तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलत असतो. ऐकणारे हसतात, पण मनात नोंद करतात. उद्या ती नोंद खोटी निघाली तर नुकसान एकट्या कॉमेडियनचं होत नाही. ज्यांच्या मशिदीत खरोखरच खबरे घुसले होते त्यांचंही उद्या कोणी ऐकणार नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक साधा नियम ठरवला आहे. गोष्टीत मीठ-मसाला हवा तेवढा घाला, साक्षीत घालू नका.

आता परत इंदूरला येऊ. कारण मिन्हाजच्या बरोबर उलटी गोष्ट तिथे घडली. तिथे तक्रारच अशा शब्दांची होती, जे त्या माणसाने तिथे उच्चारल्याचा पुरावाच पुढे आला नाही.

१ जानेवारी २०२१ ची संध्याकाळ. छप्पन दुकान हा इंदूरमधला प्रसिद्ध खाऊबाजार. काही वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन आम्ही उज्जैन-ओंकारेश्वर केलं तेव्हा इंदूरला दोन रात्री मुक्काम होता आणि दोन्ही संध्याकाळी आम्ही तिथेच खात होतो, म्हणून तो परिसर डोळ्यांपुढे आहे. त्या भागातल्या मनरो कॅफेत स्टँड-अपचा कार्यक्रम होता. मुनव्वर फारुकी मूळचा जुनागढचा, किशोरवयात मुंबईत डोंगरीला आलेला, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा. कार्यक्रमात एका स्थानिक हिंदुत्ववादी संघटनेची माणसं आली, त्यांनी हरकत घेतली आणि मुनव्वरसह पाच जणांना पोलिसांच्या हवाली केलं. फिर्याद अशी की हिंदू देवदेवतांबद्दल आणि केंद्रीय गृहमंत्र्यांबद्दल असभ्य विनोद झाले. कार्यक्रमाला हजर असलेल्या लोकांनी सांगितलं की मुनव्वरने आपला भाग सुरूसुद्धा केला नव्हता. आणि तुकोगंज पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यानेच पत्रकारांना सांगितलं की मुनव्वरने देवदेवतांचा अपमान केल्याचा चित्रफितीतला पुरावा नाही.

मी सरकारी कारकून. आयुष्यातली वीस वर्षं आवक-जावक आणि तक्रार अर्जांत गेली. आमच्याकडे अर्ज आला की पहिल्या नजरेत तीन गोष्टी बघायच्या असतात: घटना काय, घडली कधी, आणि अर्जाला जोडलं काय आहे. यातलं एक नसलं तरी शेरा पडतो आणि अर्ज परत जातो. अगदी नळाच्या पाण्याची तक्रार असली तरी. इंदूरला एका माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता आणि 'जोडलं काय आहे' हा रकाना रिकामाच राहिला. त्याच्या आधीच्या एका चित्रफितीवरून २०२० साली प्रयागराजला तक्रार झाली होती, हे खरं. ती चित्रफीत मी पाहिली आहे आणि मला ती आवडली नाही. देवाधर्मावर विनोद करायला हात हलका लागतो, तो तिथे नव्हता. पण ती दुसऱ्या गावची, दुसऱ्या वर्षाची फाईल. त्या फायलीचा निकाल त्या फायलीवर लागायला हवा. जुन्या फायलीचं कव्हर नव्या प्रकरणाला घातलं की काय होतं, हे कुठल्याही कारकुनाला विचारा.

पुढचं सगळं नोंदलेलं आहे. खालच्या कोर्टांत जामीन मिळाला नाही. २८ जानेवारी २०२१ ला मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही तो नाकारला. तो मुनव्वरचा वाढदिवस होता. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. अटक करताना पाळायची जी पथ्यं न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात घालून दिली होती ती इथे पाळली गेली नाहीत, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. तरीही सुटका व्हायला आणखी एक दिवस गेला आणि ६ तारखेच्या रात्री उशिरा तो इंदूरच्या तुरुंगातून बाहेर आला. महिनाभराहून अधिक काळ आत. कशासाठी? जे बोलल्याचा पुरावा नाही त्यासाठी.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. त्याच्याबरोबर पकडलेल्यांत नलिन यादव हा पिथमपूरचा कॉमेडियन होता, म्हणजे इंदूरजवळचाच. नावाने हिंदू. त्याचाही जामीन २८ जानेवारीला नाकारला गेला, आणि तो सुटला मुनव्वरच्याही नंतर, फेब्रुवारीच्या अखेरीस. तेव्हा फक्त नाव बघून शिक्षा झाली, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. या प्रकरणात साक्षीचा नियम मलाही लागू आहे. पण नलिन यादवचं नाव तुमच्यापैकी किती जणांना आठवतं? मुनव्वर पकडला गेला तेव्हा विरोधकांनी त्याच्या नावात गुन्हा वाचला आणि पाठीराख्यांनी त्याच्या नावात हौतात्म्य वाचलं. नलिनच्या नावात कोणालाच काही वाचता आलं नाही, म्हणून तो दोन्हीकडून विसरला गेला. नावावरून माणूस जोखायची सवय लागली की अन्याय झालेल्यांतसुद्धा पंक्तिभेद होतो.

तुरुंगातून सुटल्यावरही नाव पुढे आणि माणूस मागे अशीच गत झाली. तो काय बोलणार आहे याची वाट न बघता कार्यक्रम बंद पडू लागले. आपण गोंयकारही यात मागे राहिलो नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवामध्ये ठरलेला त्याचा कार्यक्रम विरोधामुळे आणि धमक्यांमुळे रद्द झाला. त्याच महिन्याच्या शेवटी बंगळूरचा रद्द झाला. आणि मग दैवाची लीला बघा! २०२२ मध्ये तो 'लॉक अप' नावाचा कार्यक्रम जिंकला, ज्यात माणसांना खोट्या तुरुंगात कोंडतात. २८ जानेवारी २०२४ ला 'बिग बॉस'ही जिंकला. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला त्याला त्या दिवशी बरोबर ३ वर्षं झाली होती. खऱ्या तुरुंगात ज्याचं कोणी ऐकून घेतलं नाही, त्याला खोट्या तुरुंगात देशाने भरभरून मतं दिली.

'हे सगळं उत्तरेकडचं, आमच्या गोव्यात एवढं नाही' असं कोणाला वाटत असेल तर आमच्या कार्यालयातली एक साधी गोष्ट सांगतो. आमच्या विभागात एक फाईल महिनोन्महिने अडकली होती. चहाच्या वेळी आमच्यातला एक ज्येष्ठ कारकून म्हणाला, "आता फायलीचाच कौल लावूया. उजवी पाकळी पडली तर साहेब सही करणार, डावी पडली तर रजेवर जाणार." सगळे असे हसले की एकाच्या शर्टावर चहा सांडला. देवाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेणं हे आपल्या घरोघरचं, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. पंधरा दिवसांनी फाईल तिथेच. या वेळी तोच विनोद, जवळजवळ त्याच शब्दांत, आमच्या एका कॅथलिक सहकाऱ्याने केला. कोणी हसलं नाही. एक जण कप खाली ठेवत हळूच म्हणाला, "देवाचें नाका हां." तो बिचारा ओशाळला. तोच माणूस पाद्रीच्या लांबलचक प्रवचनाची नक्कल करतो तेव्हा आम्ही सगळे खदाखदा हसतो, हे इथे सांगायला हवं.

शब्द तेच, फाईल तीच, चहासुद्धा तोच. बदललं ते फक्त नाव. यात कोणी दुष्ट नव्हतं. 'देवाचें नाका' म्हणणारा माणूस अडीअडचणीला त्याच सहकाऱ्याच्या घरी पहिला धावणारा. पण आपल्या आत एक लहानसा पोलीस ठाणेदार बसलेला असतो आणि तो विनोद ऐकण्याआधी नाव विचारतो. इंदूरला जे मोठ्या अक्षरांत झालं ते आमच्या चहाच्या टेबलावर बारीक अक्षरांत झालं.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते टाकाऊ नाही. घरातल्या माणसाने घराची थट्टा करणं वेगळं आणि बाहेरच्याने करणं वेगळं. आपल्या आईच्या स्वयंपाकाला आपण नावं ठेवतो, शेजाऱ्याने ठेवली तर चालत नाही. हे माणसाच्या स्वभावातच आहे आणि ते मला मान्य आहे. शेजाऱ्याने ते ओळखून तोंड सांभाळावं, हेही मान्य. पण त्याने नावं ठेवली तर आपण काय करतो? रुसतो, चार शब्द सुनावतो, महिनाभर त्याच्या घरी जेवायला जात नाही. त्याने नावं ठेवली असती असं समजून त्याला ठाण्यात नेऊन बसवत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये याची परीक्षा आपल्या अंगणात झाली. एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी बोलता बोलता मुनव्वर कोकणी माणसांबद्दल शिवी घालून बोलला. त्याची चित्रफीत फिरली. या वेळी शब्द उच्चारलेले होते, सगळ्यांनी ऐकलेले होते. राग येणं साहजिक होतं. मलाही ते बोलणं फुकाचं आणि आळशी वाटलं, शिवी हा विनोदातला सगळ्यांत स्वस्त माल. लोकांनी जाब विचारला, त्याने चित्रफीत काढून माफी मागितली. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती आणि ती सुंदर संपली असती. बोलणारा बोलला, ऐकणाऱ्याने ऐकलं, दुखलं ते सांगितलं, बोलणाऱ्याने शब्द मागे घेतला. पण काही राजकीय मंडळींनी चोप देण्याची भाषा केली आणि पुन्हा सगळं नावाच्याच गल्लीत शिरलं. मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या कोकणी माणसाला असल्या राखणदारांची गरज नाही. ज्या मातीत संकासुर गावच्या बड्यांना तोंडावर बोलून घेतो, तिथल्या माणसाची जीभ एखाद्या स्टँड-अपवाल्याला पुरून उरेल एवढी धारदार आहे. उत्तर द्यायचं तर त्याच माईकवर द्यावं. हशा आपल्याकडे वळवता आला की कोर्टाची पायरी लागत नाही.

तर मंडळी, एवढ्या सगळ्याचं तात्पर्य काय? विनोद करणाऱ्याने प्रामाणिक असावं, असं आपण नेहमी म्हणतो आणि ते बरोबरच आहे. स्वतःच्या नावाने साक्ष देत असेल तर त्याने खरंच बोलावं, हसन मिन्हाजची गोष्ट तेच शिकवते. पण हा सौदा एकतर्फी नाही. त्याने खरं सांगायचं असेल तर आपण आधी ते ऐकून घ्यायला हवं. राग आला तर तो उच्चारलेल्या शब्दाचा यावा, तिकिटावरच्या नावाचा येऊ नये. आणि कौतुक केलं तरी तेही शब्दांचंच व्हावं. ऐकणाऱ्याचा प्रामाणिकपणा म्हणतात तो एवढाच आहे. तो पाळायला पैसे पडत नाहीत, कायदा बदलावा लागत नाही, फक्त वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

नाहीतर काय होईल? शहाणे कॉमेडियन पुन्हा मुखवटे शोधतील. कोणी बाटलीचं नाव घेईल, कोणी टोपणनाव घेईल, कोणी फक्त बायको आणि वाहतूक कोंडीवर बोलेल. आपण हसत राहू, तिकिटंही काढू. फक्त समोरचा माणूस खरोखर कोण आहे आणि त्याला काय दिसतं आहे, ते आपल्याला कधीच कळणार नाही. बद्रुद्दीन काझींना पन्नासच्या दशकात जे करावं लागलं, ते २०२१ नंतरच्या एखाद्या इंदूरच्या पोराला पुन्हा करावं लागलं, तर मधली सत्तर वर्षं आपण नक्की कशात घालवली, असं कोणीतरी विचारेल. विचारणाऱ्याचं नाव काय, ते नंतर बघू. आधी त्याचा प्रश्न पूर्ण ऐकूया.